लेकीचं जर्मनीतलं बिऱ्हाड

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून)



सचिवांनी आम्हाला सांगितलं, "जर्मनीत पाच आठवडे राहून आलात, तर अर्धा तास बोला. फोटो मात्र नकोत, ते सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेत." तेव्हा आज किल्ले नाहीत, बर्फाचे डोंगर नाहीत. आणि आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. बोलणारं तोंड एक असलं तरी बोलणं दोघांचं आहे. काही चुकलं तर समोर दुसऱ्या रांगेत दुरुस्ती करणारी व्यक्ती बसलेली आहेच.

इंदूरला जर्मनी तशी नवी नाही. आपल्या माणिकबाग पॅलेसचं काम महाराज यशवंतराव होळकर, म्हणजे दुसरे यशवंतराव, यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट म्यूथेसियस नावाच्या बर्लिनच्या तरुण वास्तुकाराला दिलं होतं. आज त्या वास्तूत केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. तेव्हा जर्मन माणूस कामासाठी इंदूरला आला, आता आपली मुलं तिकडे जातात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर, राजेंद्र नगर, कुठेही हळदीकुंकवाला गेलं की कुणाचा तरी मुलगा नाहीतर भाची जर्मन शिकत असते. आणि आमची लेक तिकडे आहे कळलं की प्रश्न ठरलेले. पगार किती? थंडी किती? जेवणाचं काय? आणि परत येणार का? ती तिथे राहते कशी, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तिचं काय चालतं, हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच सांगणार आहोत.

आमची ओळख बहुतेकांना आहे. राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, आयुष्य नळयोजनांच्या पाइपांवर गेलं. या डिप्लोम्याची एक गंमत. लेकीच्या इमारतीतल्या एका निवृत्त आजोबांना तिने सांगितलं, बाबा डिप्लोमा इंजिनियर आहेत. ते खुर्चीतून उठून हात मिळवायला आले. जर्मनीत 'डिप्लोम-इंजिनियर' म्हणजे जुन्या काळची पाच वर्षांची मोठी पदवी, पाटीवर नावाच्या आधी लावतात. लेकीने नंतर खुलासा केला म्हणे, पण आमचा चहा होईपर्यंत नाही केला.

लेक बारावीला बायॉलॉजीत होती. वैद्यकीयचा नंबर लागला नाही. तिने स्वतःच शोधून काढलं की जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण 'आउसबिल्डुंग' पद्धतीने घेता येतं. म्हणजे एखाद्या रुग्णालयाशी तीन वर्षांचा करार करायचा, काही आठवडे शाळेत, काही आठवडे वॉर्डात. कमीत कमी २,१०० तास वर्ग आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. फी नाही, उलट महिन्याला विद्यावेतन. तिला पहिल्या वर्षी बाराशे-तेराशे युरो मिळत होते. कर नाममात्र, पण विमा आणि पेन्शनचे हप्ते कापून हातात हजाराच्या आसपास यायचे. हे हिशेब इथेच संपवतो, कारण शंभराने गुणून बोटं मोजणाऱ्यांना एवढं पुरतं. खर्चही त्याच युरोत होतो, हे गुणाकारात येत नाही.

एका एजंटाने याच कामाचे आमच्याकडे काही लाख मागितले होते. आम्ही दिले नाहीत. लेकीने दीड वर्ष जर्मनचा अभ्यास केला, पुण्याला आत्याकडे राहून परीक्षा दिली, स्वतः अर्ज लिहिले, व्हिडिओवर मुलाखती दिल्या. बी-टू पातळीपर्यंत भाषा आली तर बाकी सगळं होतं. भाषा आली नाही, तर एजंटने विमानात बसवून दिलं तरी पुढे काही होत नाही. ज्यांच्या घरी बोलणी चालू आहेत, त्यांनी एवढं तरी ऐकून ठेवावं.

आणखी एक गोष्ट इथे बोलायची नाही असं ठरवलं होतं, पण बोलतोच. लेक जायच्या आधी आमच्या ओसरीवर बसून एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "एवढं शिकवून पोरीला लोकांची ढुंगणं धुवायला पाठवणार?" शब्द सभेला शोभणारा नाही, माफ करा. पण तो शब्द पुष्कळांच्या मनात असतो, फक्त तोंडावर येत नाही. त्याचं उत्तर आम्हाला तेव्हा देता आलं नव्हतं. पुढे मिळालं, ते सांगतो.

लेक सप्टेंबर २०२३ मध्ये स्टुटगार्टला पोचली. हे शहर मुंबईचं भगिनी-शहर आहे, १९६८ पासून, पण त्याचा तिला काही उपयोग झाला नाही. तिला उपयोग झाला तो कागदाचा. तिथे घर घेतलं की दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं की ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. ती नोंद झाली की अकरा आकडी कर क्रमांक टपालाने येतो. टपालाने, बरं का. बँकेचं कार्ड टपालाने, त्याचा गुप्त क्रमांक वेगळ्या टपालाने, विम्याचं कार्ड टपालाने. आणि टपाल पत्त्यावर येतं असं आपण समजतो, तिथे ते नावावर येतं. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. फ्लॅटला आपल्यासारखा नंबर बहुधा नसतोच, बेलच्या बटणाजवळ आडनाव असतं तेच. म्हणून खोलीत सामान ठेवल्यावर लेकीचं पहिलं काम काय, तर चिकटपट्टीवर आपलं आडनाव रोमन अक्षरांत लिहून पेटीवर लावणं. ते लांबलचक आडनाव पेटीच्या पाटीत मावेना, शेवटचं अक्षर बाजूला वळवून लावलं होतं. तो फोटो मात्र आम्ही ठेवला आहे.

आम्ही सरकारी माणसं. कागदाला घाबरत नाही. लेकीने फोनवर रडव्या सुरात सांगितलं की इथे प्रत्येक गोष्टीला पत्र येतं आणि प्रत्येक पत्राला मुदत असते, तेव्हा आम्ही तिला एवढंच म्हणालो, बाळा, आवक-जावक रजिस्टर घाल. तिने घातलं. नंतर तिने आम्हाला एक माहिती दिली ती आम्ही कार्यालयात सगळ्यांना सांगितली. आपण रोज वापरतो तो ए-फोर कागद मुळात जर्मनांचा आहे, १९२२ साली त्यांनी ते माप ठरवलं. आणि ती लोखंडी खटक्याची, दोन छिद्रांची जाडजूड फाईल असते ना, ती लोकप्रिय करणारी लाइट्स कंपनी याच स्टुटगार्टची. प्रत्येक जर्मन घरात अशा फाइलींची फळी असते, पाठीवर विषय लिहिलेला. लेकीच्या फळीवर आता सहा आहेत. सहावीवर तिने मराठीत 'इतर' लिहिलं आहे.

पहिलं वर्ष ती रुग्णालयाच्या वसतिगृहात होती. खोली छोटी, स्वयंपाकघर सामायिक. कामाची पाळी सकाळी सहाला सुरू, म्हणजे हिवाळ्यात अंधारात जायचं आणि शाळेच्या आठवड्यांत अंधारातच परत यायचं. थंडीचं सगळे विचारतात. थंडीला कपडे आहेत, अंधाराला काही नाही, असं ती म्हणायची.

पण खरी गाठ होती भाषेशी. तुम्ही म्हणाल, दीड वर्ष शिकून गेली होती की. हो, पण ती शिकली पुस्तकातली जर्मन आणि पोचली श्वाबेन प्रांतात. तिथे वॉर्डात ऐंशी-पंच्याऐंशीच्या आज्या, त्या बोलतात श्वाबी. प्रत्येक वस्तूच्या मागे 'ले' लावतात, थोडं म्हणजे 'बिसले', घर म्हणजे 'हॉइसले'. नमस्कार 'गुटेन टाग' नाही, 'ग्रुस गॉट'. पुण्याची प्रमाण मराठी पाठ करून एखादा परदेशी माणूस आपल्याकडे यावा आणि त्याला सराफ्यात कुणी इंदुरी मराठीत, अर्धं हिंदी घालून, "अरे भिया, तिकडून घूमून ये" म्हणावं, तशी गत. पहिल्या आठवड्यात एका आजीने काहीतरी तीनदा मागितलं, लेकीने तीनदा पाणी दिलं. आजींना खिडकी बंद हवी होती.

आणि तू-तुम्हीचा घोळ. जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' आहे, आपल्यासारखंच. आपण मराठी माणसं यात हुशार असायला हवीत, कारण आपल्याकडे तर तू, तुम्ही आणि आपण असे तीन आहेत. पण तिथला नियम वेगळा. नवऱ्या मुलाला अहो आणि आईला अगं, असं तिथे चालत नाही. अनोळखी मोठ्या माणसाला झी, आणि पुढचा मोठा माणूस स्वतः होऊन "आपण दू म्हणू या" असं म्हणेपर्यंत झीच. ते म्हणणं हा एक छोटा समारंभच असतो. लेकीला वॉर्डातल्या मुख्य सिस्टर बाईंनी चौथ्या महिन्यात दू म्हणायला सांगितलं, तेव्हा तिने घरी फोन करून ते असं सांगितलं जसं काही मार्कशीट आली.

आता त्या ओसरीवरच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे रुग्णालयात रुग्णाला पुसणं, कपडे बदलणं, भरवणं हे नातेवाईक करतात किंवा आया-मावशी करतात. सिस्टर इंजेक्शन देते. जर्मनीत ते सगळं नर्सच करते, आणि शिक्षणात ते पहिल्या महिन्यापासून शिकवतात. कसं शिकवतात? दारावर टकटक केल्याशिवाय आत जायचं नाही, मग आतला माणूस बेशुद्ध का असेना. आता मी तुमचा उजवा हात धुणार आहे, असं आधी सांगायचं. पाणी कसं वाटतं, विचारायचं. जो भाग धूत नाही तो झाकून ठेवायचा. माणूस स्वतः जेवढं करू शकतो तेवढं त्याला करू द्यायचं, मग वेळ लागला तरी चालेल.

त्याच हिवाळ्यात आमच्या आई, म्हणजे लेकीच्या आजी, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. घरी आम्ही बाई ठेवली होती. लेकीने व्हिडिओवर त्या बाईंना आणि आम्हा दोघांना शिकवलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचांखाली काय ठेवायचं, चादर ओढताना कातडी का सोलवटते, पाठीला हात लावण्याआधी आजीला सांगायचं कसं. आईंना शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही. शेजारच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, नर्स कोण ठेवली आहे? ओसरीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही हे आजवर सांगितलेलं नाही. ते आज सभेत आहेत, आता कळलंच असेल.

आई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. लेकीला येता आलं नाही. पहिले सहा महिने परीक्षाधीन काळ असतो, त्यात आधीच तिची आजारपणाची रजा झालेली, आणि तिकिटाची सोय झाली असती तरी ती अंत्यविधीला पोचली नसती. आम्हीच तिला येऊ नको म्हणालो. तिकडे वॉर्डात कुणी रुग्ण वारला की नर्स खिडकी उघडते. जुनी पद्धत आहे, जिवाला बाहेर जाता यावं म्हणून. लेकीने त्या रात्री तिच्या खोलीची खिडकी उघडली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बाहेर शून्याखाली तापमान होतं. हे तिने आम्हाला दीड वर्षानंतर, आम्ही तिथे गेल्यावर सांगितलं.

त्यानंतरचे दोन महिने ती रोज म्हणायची, परत येते. आम्ही तिच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवले होते आणि तिला तसं सांगितलंही होतं. पैसे आहेत, कधीही ये, कुणाला काही उत्तर द्यायला लागणार नाही. आमची समजूत अशी की परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की माणूस जरा धीराने थांबतो. पण तिला थांबवलं ते आम्ही नाही. तिथल्या रुग्णालयांत हिरवा कोट घालून स्वयंसेविका येतात, रुग्णांशी गप्पा मारतात, कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. त्यांना 'हिरव्या बायका' असंच म्हणतात. त्यात एक केरळच्या निवृत्त सिस्टर होत्या. केरळच्या मुली नर्सिंगसाठी जर्मनीला जाताहेत ते १९६० च्या दशकापासून. त्या सिस्टरने लेकीला घरी नेलं, सांबार-भात घातला आणि सांगितलं, कामावरून आल्या आल्या घरी फोन करत जाऊ नकोस. आधी जेव. मग बाहेर पड, ओळखीच्या कुणाशी तरी दोन वाक्यं जर्मनमधून बोल. मग फोन.

तेव्हापासून आमचे फोन बुधवारी आणि रविवारी. उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. हिच्या आईला (दुसऱ्या रांगेकडे पाहून सांगतो) ते सोपं गेलं नाही. पण बुधवारच्या फोनवर लेकीकडे सांगायला काहीतरी असायला लागलं. रोजच्या फोनवर फक्त "जेवलीस का" असायचं.

दुसऱ्या वर्षी ती वसतिगृह सोडून दोन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायला गेली. एक जर्मन, एक ट्युनिशियाची. भाड्याची गंमत अशी की ते दोन प्रकारचं, 'थंड' आणि 'गरम'. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे पाणी-हीटरचा खर्च धरून. जाहिरात थंडाची असते. अनामत थंड भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा कायदाच आहे. पुष्कळदा जागेत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची तोटी, ओटा आपला आपण आणायचा. या मुलींना आधीच्या भाडेकरूचा ओटा विकत मिळाला.

आणि इथे आम्ही गेलो, मे महिन्यात. पहिल्याच दिवशी दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली दिसली, 'केअरवोखं'. म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्वाबेनची ही फार जुनी प्रथा. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. मोठा केअरवोखं असेल तर तळघर आणि घरासमोरचा फुटपाथही. हे काम नुसतं करून भागत नाही, ते झालेलं दिसावं लागतं. आमच्या लेकीला घरी कधी झाडू हातात धरायला सांगितलं तर अभ्यास आठवायचा. तिथे शनिवारी सकाळी बादली घेऊन जिना पुसताना पाहिली. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई दार किलकिलं करून बघत होत्या. आमच्या मनात आलं, सासू इथेही आहेच.

कचऱ्याचं मात्र आम्हा इंदूरकरांना कुणी काही शिकवू नये. कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टणं पिवळ्या पिशवीत, काच रंगाप्रमाणे तीन डब्यांत, हे लेकीने पहिल्या दिवशीच बिनचूक केलं. जर्मन मैत्रिणीने विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, आमच्या शहरात रोज सकाळी गाडी गाणं म्हणत येते. फक्त दोन गोष्टी नव्या होत्या. काच रविवारी टाकायची नाही, कारण आवाज होतो. आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की पंचवीस सेंट मिळतात. आम्ही पाच आठवड्यांत रस्त्यावर पडलेली बाटली जवळजवळ पाहिली नाही. पाहिली ती एकदाच, आणि तीही कुणी गरीब माणसाने उचलावी म्हणून कचरापेटीच्या शेजारी नीट उभी करून ठेवलेली.

बाटलीवरून पाणी. हा आमचा प्रांत, इथे जरा रेंगाळू द्या. स्टुटगार्टच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग बोडनसे नावाच्या सरोवरातून येतो, शंभरेक किलोमीटरवरून. साठ मीटर खोलीवरून पाणी उचलतात, तीनशे मीटरहून जास्त उंच डोंगरावर चढवतात, तिथे शुद्ध करतात आणि मग ते उताराने पाठवतात. १९५८ पासून शहराला हे पाणी मिळतं. आपली नर्मदा १९७८ मध्ये जलूदहून इंदूरला आली, ती सत्तरेक किलोमीटरवरून आणि पाचशे मीटरच्या वर चढून. चढाईत आपण पुढे आहोत. लेकीला हे सगळं नळ सोडून समजावलं तर तिने नळ बंद केला.

रविवार. दुकानं बंद. म्हणजे किराणासुद्धा बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी. ड्रिल चालवायचं नाही, काच टाकायची नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. पहिल्या रविवारी आम्हाला वाटलं, शहरात कुणी मोठा माणूस वारला. तिसऱ्या रविवारी मात्र आम्ही सगळ्यांसारखेच टेकडीवरच्या द्राक्षमळ्यांतून फिरायला गेलो. शहरातच द्राक्षमळे आहेत तिथे. समोरून येणारा प्रत्येक जण 'ग्रुस गॉट' म्हणत होता. आपणही म्हणायचं. गॉट म्हणजे देव. 'राम राम' आणि यात आम्हाला तरी काही फरक दिसला नाही.

घराची हवा हा एक विषय राहिला. खिडक्या अशा घट्ट की फट नाही. म्हणून रोज दोन-तीनदा, बर्फ पडत असला तरी, सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. नाहीतर भिंतीला बुरशी, आणि मग घरमालकाशी भांडण. आपल्या फोडणीच्या घरात तर हे हवंच. लेक फोडणी देण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावते, कोट दुसऱ्या खोलीत नेते. कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानात मिळते. पोह्यांसाठी भारतीय दुकानात जावं लागतं. जिलेबीचं काही खरं नाही.

२०२४ मध्ये चतुर्थी शनिवारी आली. तिकडे पुष्कळ शहरांत मराठी मंडळी एकत्र गणपती करतात. लेकीने घरीही बसवला, इथून नेलेली वीतभर शाडूची मूर्ती. खोबरं गोठवलेलं, तांदळाची पिठी आशियाई दुकानातली, उकड दोनदा बिघडली. आरती करायची तर आवाज होणार, म्हणून तिने आदल्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लावली, आमच्याकडे सण आहे, संध्याकाळी सात ते आठ गाणं आणि घंटा होईल, क्षमस्व, आपण यावं. चिठ्ठी लावून कळवायची तिथे पद्धतच आहे. खालच्या मजल्यावरच्या त्या बाई आल्या, केक घेऊन आल्या, आणि टाळ वाजवायला मागितले. ताल चुकला, पण आपल्या मंडळात तरी कुणाचा बरोबर असतो? जाताना त्यांनी लेकीला सांगितलं, मला दू म्हण. विसर्जन बादलीत. विरघळलेली माती बाल्कनीतल्या कुंडीत, त्यात आम्ही गेलो तेव्हा पुदिना होता.

त्यांच्याकडे संस्थांचं वेड आहे, हेही सांगायला हवं. सात माणसं जमली की कायद्याने संस्था नोंदवता येते. गाण्याची संस्था, डोंगर चढण्याची, कबुतरं पाळण्याची. लेक आता एका समूहगायनाच्या मंडळात जाते. तिथेही अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा आणि वर्गणी थकवणारे सभासद आहेत. खजिनदार साहेब, तुम्ही एकटे नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, परत येणार का. पुढच्या वर्षी तिची अंतिम परीक्षा. पास झाली की नोकरी आहेच, तिकडे नर्स कमी आहेत. तिथेच शिकलेल्याला दोन वर्षं नोकरी केल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. नागरिकत्व त्याच्या पुढचं. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून दोन नागरिकत्वांना हरकत ठेवलेली नाही, पण आपला देश दोन ठेवू देत नाही, तेव्हा तो निर्णय तिला कधीतरी एका बाजूने घ्यावा लागेल. आम्ही तिला हा प्रश्न विचारत नाही. आमचं घराणं वाईकडून होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलं, आणि त्या पहिल्या माणसाने घरी काय सांगून पाय काढला होता ते आम्हाला ठाऊक नाही. चार वर्षांसाठी जातो, असंच म्हणाला असावा. एवढं खरं, की त्याने इथली बोली शिकली आणि घरात मराठी ठेवली, म्हणून आज आपण या सभागृहात मराठीतून एकमेकांना कंटाळा आणू शकतो.

ज्यांची मुलं निघायच्या तयारीत आहेत त्यांनी चहाच्या वेळी जरूर गाठावं. जन्मदाखला आणि मार्कशीटांची अधिकृत भाषांतरं आत्ताच करून घ्या, मूळ प्रती मुलांच्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. तातडीचा फोन ११२ आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६ ११७, हे पाठ करून घ्या. आणि कुकर न्यावा का, असं परवा एका वहिनींनी विचारलं. न्यावा. फक्त शेवटची शिट्टी रात्री दहाच्या आत व्हायला हवी.